अमेरिका सहा तासांवर

आमच्या घोटावड्याच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धत नव्हती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हिशेबात पिरंगुट दोन तंबाखूंवर होतं आणि पौड चार तंबाखूंवर. आईचं माहेर माले. ते तिच्या मते एका भांडणावर होतं, कारण एसटीत बसताना आबांशी सुरू झालेली कटकट माल्याच्या थांब्यावर मिटायची आणि परतीच्या गाडीत जिथं सोडली तिथून पुढं चालू व्हायची. हिंजवडीचा तर कुणालाच भरवसा नव्हता. ती सकाळी हाकेच्या अंतरावर असायची आणि संध्याकाळी परमुलखात. अशा अडाणी घरात किलोमीटर, रनिंग टाइम आणि अ‍ॅव्हरेज हे शब्द पहिल्यांदा मी आणले. बारावीला दोनदा आपटून मी कंपनीची कॅब चालवायला लागलो होतो आणि अधूनमधून मुंबईच्या विमानतळावर साहेबलोकांना सोडून यायचो. विमानतळाच्या आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यालाही देवाविषयी मत असतंच. तसं मला विमानांविषयी होतं.

घर म्हणजे पुढं ओटा, मध्ये माजघर, मागं पडवी आणि पडवीला चिकटून आबांनी बांधलेल्या भाड्याच्या पाच खोल्या. त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरं राहायची, कुणी लातूरचं, कुणी कानपूरचं. पहाटे आई तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली की त्या थपथपीत खोल्यांमधले मोबाइलचे गजर मिसळायचे, म्हैस हंबरायची, आणि ह्या सगळ्यावर आबांचं खाकरणं. आई त्या पोरांची घरमालकीण कमी आणि फौजदार जास्त होती. कुणी दोन दिवस मॅगी खाल्ली की ती भाकरी-ठेचा घेऊन दारात उभी राहायची. “खा मुडद्या, आईनं हितं मरायला पाठवलंय का तुला?” कानपूरच्या विवेकला त्यातला ‘मुडद्या’ हा शब्द लाडाचा आहे हे कळायला वर्ष लागलं. आबा मात्र आईशी बोलतच नसत, म्हणजे गोड बोलत नसत. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. “ए, चहा” किंवा “ए, कुटं मेलीस” एवढ्यात त्यांचा संसार चालायचा. आई उत्तरात भांडं आपटायची. कुठल्या भांड्याचा आवाज काय सांगतो हे आम्हा भावंडांना पाठ होतं. पातेलं म्हणजे राग, ताटली म्हणजे रडू.

भावंडं म्हणजे मी आणि ताई. ताई हुशार निघाली, कॉम्प्युटरचं शिकली, लग्न करून दाजींबरोबर अमेरिकेला गेली. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. “इथं आत्ता रात्र आहे रे बाळू,” ती दर रविवारी सांगायची. मी म्हणायचो, “असंल बाई.” परदेशात काय काय असतं, रात्रही असेल. पुढं जे घडलं ते समजून घेण्यासाठी वाचकांनी हे एवढं लक्षात ठेवावं, की ताईची रात्र मला माहीत होती आणि विमानाची वेळही मला माहीत होती. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात भिंतीला भिंत लावून राहत होत्या, फक्त एकमेकींच्या घरी जात-येत नव्हत्या.

ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा कायदा. पण ताईला प्रवास करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा माहेरच उचलून तिकडं न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे आई. आयुष्यात पुण्याच्या पलीकडं जेजुरी आणि आळंदी एवढंच पाहिलेली बाई एकटी विमानात बसणार होती. दाजींनी तिकीट पाठवलं आणि घरातला वाहतूकतज्ज्ञ म्हणून ते माझ्या हातात आलं. मुंबईहून सुटणार मंगळवारची मध्यरात्र उलटल्यावर, बुधवारी दीडला. न्यूयॉर्कला पोचणार बुधवारी सकाळी साडेसातला. मध्ये कुठंही थांबा नाही. दीड ते साडेसात. मी बोटंसुद्धा मोजली नाहीत. “सहा तास,” मी जाहीर केलं. “पुण्याहनं नागपूरची एसटी ह्याच्या दुप्पट खाती.”

ही बातमी मी गावच्या सलूनमध्ये घेऊन गेलो, कारण ज्ञान वाटल्यानं वाढतं. तिथं आमचे बबनतात्या, आबांचे चुलतभाऊ, अर्धी दाढी करून बसले होते. तात्यांना कुठल्याही गोष्टीत खोट काढल्याशिवाय अन्न पचत नसे.

“किती लांब हाय रं अमेरिका?”

“साडेबारा हजार किलोमीटर.” हे मला दाजींनी सांगितलं होतं.

“आन् सहा तासांत? म्हंजी ताशी दोन हजाराच्या वर झालं की.”

“मग? वर स्पीडब्रेकर हायेत का तात्या? टोलनाका हाय? वाकडचा सिग्नल हाय?”

तात्यांनी अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. न्हाव्यानं वस्तरा थांबवून मान डोलावली. मग तात्यांनी तिकिटाचा दुसरा भाग वाचला. परतीचं विमान तिकडून रात्री साडेआठला सुटून दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला मुंबईत. “जाताना सहा तास आन् येताना चोवीस? ह्ये कसं काय?” आज मला वाटतं, परमेश्वरानं मला सावरायला दिलेली ती शेवटची संधी होती. मी ती लाथाडली. “तात्या, ताम्हिणी घाट उतरायला किती टाइम लागतो आन् चढायला किती? अमेरिका हाय पाताळात. जाताना उतार, येताना चढ.”  पाताळाचं म्हणणं सगळ्यांच्या आजोबांनी सांगून ठेवलेलं होतं, आणि घाट तर रोजचाच होता. तात्यांनी उरलेली दाढी मुकाट्यानं करून घेतली. त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

मग घरात बांधाबांध सुरू झाली. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, खारकांची पूड, मेतकूट, वेखंड. माजघरात असा वास सुटला की म्हशीलाही बाळंत व्हावंसं वाटावं. आईला लाडवांची काळजी नव्हती. तिला निराळीच काळजी होती आणि ती तिनं मला एकट्याला पडवीत बोलावून सांगितली.

“बाळू, इमानात संडास असतो म्हनं.”

“असतो की.”

“आन् ते जातं कुटं? खाली?”

“तसंच असंल.” मला काय ठाऊक.

“मग मला न्हाई जमायचं. खाली कुनाचं घर, कुनाचं देऊळ, कुनाच्या पोराचं बारसं चाललेलं असंल. आन् मी वरनं…” आईनं पदर तोंडाला लावला. “किती येळ बसायचंय म्हनालास?”

“सहा तास. आगं, माल्याला लग्नाला गेलीस की सहा तास बसतीसच ना तशी? पानी पिऊ नकोस, झालं.”

आईनं माझ्या गणितावर विसंबून दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधला, आदल्या दुपारपासून पाणी तोडलं आणि तयार झाली. आज ह्या वाक्यावर माझी बायको मला घराबाहेर काढायला निघते, म्हणून पुढं जातो.

मंगळवारी संध्याकाळी मी गाडी दारात लावली. सगळी आळी निरोपाला आली होती. आबा विमानतळावर येणार नव्हते. म्हैस आज-उद्या विणार आहे हे कारण त्यांनी आठवडाभर आधीच तयार ठेवलं होतं. आईनं त्यांच्या पाया पडायला वाकता वाकता सूचना दिल्या. मीठ कुठं, साखर कुठं, पीठ कुठल्या डब्यात. आबा म्हणाले, “जा आता एकदाची. मला म्हशीला वैरण घालायचीय.” आईनं गाडीचं दार आपटलं. ताटलीच्या आवाजात.

विमानतळावर काचेच्या दारापर्यंत मला जाऊ दिलं. एक गुजराती मावशी त्याच विमानाला होत्या. त्यांच्या ताब्यात आईला देऊन मी उजाडायच्या आत घोटावड्याला परतलो आणि ओट्यावर मोबाइल समोर ठेवून बसलो. आबाही शेजारी येऊन बसले, मोबाइलकडं पाठ करून. साडेसात वाजले.

फोन आला नाही.

आठला मी म्हणालो, “सामान घ्यायला येळ लागतो.” नऊला म्हणालो, “तितलं पोलीस चौकशी करतेत.” दहाला माझ्याकडं सांगायला काही उरलं नाही. माझ्या मोबाइलवरून परदेशात फोन लागत नव्हता, म्हणून मी फाट्यावरच्या बूथवर गेलो. तात्या बरोबर आले, कारण जिथं वाईट बातमी असायची शक्यता आहे तिथं तात्या असायचेच. दाजींचा नंबर लावला. एक बाई शांतपणे इंग्रजीत काहीतरी बोलली आणि फोन बंद. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तेच बोलणं. तात्यांनीही रिसीव्हर कानाला लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“बाळ्या, ती बाई ‘सॉरी’ म्हनली.”

“रेकॉर्ड असतंय तात्या.”

“रेकॉर्ड हाय का काय हाय, सॉरी म्हनली का न्हाई?”

आम्ही घरी पोचायच्या आधी ते ‘सॉरी’ घरी पोचलं होतं. विमान कंपनीच्या नंबरावर नुसतंच संगीत वाजत होतं. टीव्ही लावला. सगळ्या वाहिन्यांची फेरी झाली. कुठं पुढारी भांडत होते, कुठं सोन्याचा भाव, विमान पडल्याचं कुठंच नाही. मला जरा हायसं वाटलं, तर तात्या म्हणाले, “दडपलंय.” आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी आज प्रामाणिकपणे सांगतो, त्या संपूर्ण सकाळी आईचं विमान समुद्रात पडलं असेल हे माझ्या मनात आलं, अतिरेक्यांनी पळवलं असेल हे आलं, आई रुसून मधेच उतरली असेल हेसुद्धा आलं. माझं गणित चुकलं असेल, हे मात्र एकदाही आलं नाही.

हल्ली माझी मुलगी मोबाइलवर एक नकाशा उघडते आणि तिच्या आत्याचं विमान कुठल्या देशावर आहे ते चहा पिता पिता दाखवते. पिवळं इवलंसं विमान, मुंगीसारखं सरकतं. मी तिला विचारतो, मग काळजी कधी करायची? तिला प्रश्नच कळत नाही.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारच्या बाया भाकऱ्या आणि पिठलं टोपलीत घालून, वरून फडकं टाकून आणून देतात, आणि ते चार घास घशाखाली उतरवले की घरानं मरण मान्य केलं असं होतं. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती, ती काही दुःखानं नव्हे. पेटवणारी विमानात होती, आणि आम्ही दोघं बापलेक फोनची वाट बघत उपाशी बसलो होतो. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? फोन नाही, टीव्हीवर दडपलेलं, पडवीतून धूर नाही. दुपारी समोरच्या हौसाकाकू फडकं झाकलेली टोपली घेऊन ओट्याची पायरी चढल्या. हौसाकाकू म्हणजे आईची पाण्याच्या खेपेपासूनची मैत्रीण. त्यांचे डोळे सुजले होते.

“भाऊजी, दोन घास खाऊन घ्या.”

आबांनी टोपलीकडं पाहिलं. फडक्याच्या कडेनं पिठल्याचा पिवळा ओघळ आला होता. मला लाज वाटते सांगायला, पण मला भूक लागली होती आणि मी हात पुढं केला. आबांनी माझ्या हातावर अशी चापट मारली की टोपली हेलकावली.

“उचला ती,” आबा म्हणाले.

“असं नका करू भाऊजी. रीत असती.”

“कसली रीत? कोन मेलंय हितं?”

 मग तात्याच पुढं झाले. “दादा, मनाची तयारी ठेवावी मानसानं. सहा तासांचा रस्ता, आता दुपार टळली.”

“पोचली न्हाई,” आबा म्हणाले. “येवढंच. पोचली न्हाई म्हंजी वाटंत हाय.”

माझ्या आयुष्यात आबांचं एवढं बरोबर उत्तर मी दुसरं ऐकलं नाही, आणि ते त्यांनी घड्याळाकडं न बघता दिलं होतं. पण तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं, म्हातारा हललाय.

तेवढ्यात माल्याची जीप आली. तात्यांनी कुणाला न विचारता मामाला फोन केला होता. जीप वळणावर असतानाच आतल्या बायांचा हंबरडा ऐकू आला, कारण घर दिसल्याबरोबर रडायला लागायचं ही माल्याची शिस्त. मामा उतरला तो थेट माझ्या अंगावर. “ढगात घातलीस माझ्या बहिनीला! जिमिनीवर जागा कमी पडली व्हय रं?” मग तो आबांकडं वळला, पण आबा त्याच्याकडं बघतच नव्हते. अंगणात पुरुषांचं टोळकं जमलं आणि दबक्या आवाजात पुढच्या सोयीची चर्चा सुरू झाली.

“दहावा हितंच नदीवर करावा लागंल.”

“पर कावळा कुटला शिवायचा? मानूस तितं गेलं, तितला कावळा पायजे.”

“तितल्या कावळ्याला आपला पिंड कळायचा न्हाई. त्यो पाव खानार.”

“कावळा त्यो कावळा. त्याला काय व्हिसा लागतोय?”

एरवी मी ह्यावर पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मी गाडीच्या टायरला टेकून बसलो होतो. पाणी पिऊ नकोस, असं मी तिला म्हणालो होतो. माणसाच्या कानात शेवटचं असलं काही राहू नये.

आबा उठले. कुणाला वाटलं तोंड धुवायला चालले. ते मागं पडवीत गेले आणि थोड्या वेळानं डबे पडल्याचे आवाज आले. मी धावत गेलो. आबा चुलीपुढं उकिडवे बसून लाकडं रचत होते. परतीच्या पावसानं भिजलेली लाकडं होती, ती काय पेटतायत. त्यांच्या पुढ्यात परात, परातीत पीठ, आणि अर्धं पीठ त्यांच्या मिशांवर.

“आबा, भाकरीच करायची तर गॅस हाय की घरात,” मी म्हणालो.

“गॅसचा धूर दिसतो का कुनाला?”

तेव्हा मला कळलं. त्यांना भाकरी नको होती. त्यांना अख्ख्या घोटावड्याला दिसेल असा धूर हवा होता. मी रॉकेलचा डबा आणून दिला आणि फुंकणी घेतली. चूल जी पेटली, ती पेटली नाहीच, नुसती धुमसली. आबांनी कधी जन्मात भाकरी थापली नव्हती. तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी लागतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गार पाण्यात मळलेली ती भाकरी परातीतून उचलली की मधोमध फाटायची. आबा तिला शिव्या घालत पुन्हा गोळा करायचे. त्या शिव्या भाकरीला नव्हत्या. “कुटं मेलीस… न्हाई, मेलीस न्हाई… कुटं हायेस, पीठ कसलं ठेवलंयस ह्ये…” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि धूर एवढा होता की त्या पाण्याबद्दल कुणाला काही विचारायची सोय नव्हती. दारात बाया रडायच्या थांबून बघत होत्या. हौसाकाकू पुढं होऊन परात घ्यायला लागल्या, तर आबा म्हणाले, “हात लावू नगा. ह्या घरची चूल हाय ही.”

अनेक वर्षांनी ह्याच घरात खरोखरच टोपली आली, आबांसाठी. तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तिनं फडकं बाजूला केलं, भाकरी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, “न्हाई फाटली.” आणि मग खाल्ली. असो. मी कुठं होतो? धुरात.

तर धूर. तो पडवीतून निघून लगतच्या खोलीच्या खिडकीत शिरला, आणि त्या खोलीत विवेक झोपला होता. बाकीची पोरं दसऱ्याला गावी गेली होती. विवेक अमेरिकेच्या वेळेवर काम करायचा, रात्रभर जागून दिवसा झोपायचा, आणि कानात बोळे घालून असा झोपायचा की माल्याच्या बायांचा हंबरडासुद्धा त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. धूर पोचला. तो खोकत, बनियनवर, डोळे चोळत बाहेर आला आणि शंभर माणसं बघून हबकला.

“क्या हुआ? आग लगी क्या?”

मी त्याला सगळं सांगितलं. विमान दीडला सुटलं, साडेसातला पोचायला हवं होतं, आता दुपारचे चार वाजून गेले. विवेकनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्या नजरेनं पुढं मला कुणी पाहिलं नाही, लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीसुद्धा नाही.

“बाळू, वो साढ़े सात वहाँ का टाइम है. टिकट पे हर शहर का अपना टाइम लिखते हैं. वहाँ अभी सुबह के सात भी नहीं बजे. तुमने फोन लगाया तब वहाँ आधी रात थी, फोन बंद होगा. काकू अभी हवा में है, यार. पंद्रह-साढ़े पंद्रह घंटे लगते हैं.”

“काय म्हनतोय त्यो?” आबांनी विचारलं. त्यांच्या हातात फाटलेली भाकरी होती.

तात्यांनी घाईघाईनं भाषांतर केलं. “म्हनतोय, वहिनी वर हाय.” आणि माल्याच्या बायांनी जो टाहो फोडला, तो थांबवायला मला परात वाजवावी लागली.

हळूहळू सगळ्यांना कळलं. न कळलेल्यांना कळलेल्यांनी समजावलं, आणि समजावताना घाटाचा आणि पाताळाचा विषयही निघालाच. तात्यांनी काढला. मामानं माझी मानगूट धरली, पण आबा म्हणाले, “थांबा. आवाज येऊ द्या तिचा. मग मारू.” कुणी घरी जायला तयार नव्हतं. एक तर त्या कानपूरच्या पोरावर कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्न होता, आणि दुसरा त्याहून अवघड होता. मयताला म्हणून आलेल्या माणसानं मयत झालंच नाही तर आंघोळ करून घरात जायचं की तसंच? ह्यावर अंगणात दोन तट पडले. विवेक ओट्यावर बसून हौसाकाकूंच्या टोपलीतलं पिठलं-भाकरी निवांत खात होता. त्याच्या दृष्टीनं तो नाश्ता होता.

दिवेलागणीला मोबाइल वाजला. मी उचलला.

“बाळ्या!” आईचा आवाज. “मुडद्या, सहा तास म्हनलावतास ना रं?”

मी स्पीकर लावला आणि अंगणातून एकदम असा आवाज उठला की आई तिकडं दचकली. “कोन वरडतंय? म्हैस व्याली का?” मग ती सुटलीच. सहा तास झाल्यावर ती पिशवी घेऊन उतरायला दारात जाऊन उभी राहिली होती. हवाई सुंदरीनं तिला दोनदा जागेवर आणून बसवलं. शेवटी गुजराती मावशींनी तिला हाताला धरून त्या छोट्या खोलीत नेलं आणि शपथेवर सांगितलं की खाली काही पडत नाही, टाकी असते. “तरी मी विचारलं, खाली काय हाय म्हनून. ती म्हनली, बर्फ. मग म्हनलं, बर्फावर चालतंय.” तिनं विमानातली सगळी द्राक्षं खाल्ली होती, ताईचं पोट खाली उतरलंय म्हणजे मुलगी होणार, आणि दाजी वाळलेत. मामा रडत होता. हौसाकाकू हसत होत्या. आबा पडवीच्या दारात उभे होते, पिठानं पांढरे.

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात धोतराला पुसले.

“ए,” आबा म्हणाले.

“काय?” आई म्हणाली.

बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. साडेबारा हजार किलोमीटर लांबीची ती शांतता मी माझ्या हातात धरून उभा होतो.

“काय खाल्लं का दिवसभर?” आईनं विचारलं.

“भाकऱ्या केल्या.”

“कुनी?”

“मी.”

 

“किती वाजलं तितं?” आबांनी विचारलं.

“सकाळचं नऊ. आत्ताशी उन्हं आल्यात.”

“वार कुटला?”

“बुधवारच की. आजचाच.”

आबांनी अंगणाकडं पाहिलं. जीपकडं, टोपलीकडं, आंघोळीवरून अजून भांडणाऱ्या माणसांकडं. मग फोन तोंडाच्या अगदी जवळ घेतला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण स्पीकर चालू असल्यामुळं सबंध घोटावड्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

“मग ऐक. ह्यो बुधवार आमी हितं बघून बसलोय. लई बेकार हाय. घरातनं भाईर पडू नगंस.”